गोवा फाइव्ह्जचा रोनाल्डिन्हो गोव्यात खेळलाच नाही

आपल्याकडे प्रीमियर फुटसाल नावाची, छताखालच्या फुटबॉलची लीग होऊन गेली, हे आज मैदानावर येणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना ठाऊकसुद्धा नाही. ब्राझीलचा रोनाल्डिन्हो चेन्नईत खेळला, मँचेस्टर युनायटेडचा गिग्ज मुंबईच्या संघात होता, फायनल म्हापशाला झाली, असं सांगितलं की ती मोबाईल काढून खात्री करून घेतात. दोन हंगाम झाले आणि सगळं बंद पडलं. त्यावर कुणी फारसं बोलतही नाही. मला मात्र त्या लीगबद्दल अजून हळहळ वाटते आणि रागही येतो. आज दोन्ही लिहून टाकतो.

आधी तो काळ आठवा. कबड्डीची लीग २०१४ च्या उन्हाळ्यानंतर घराघरात पोहोचली होती, त्याच वर्षी फुटबॉलची आयएसएल लीग सुरू झाली, हॉकी आणि बॅडमिंटनच्या लीग त्याच्याही आधीच्या. प्रत्येक खेळाला शहरांची नावं, मालक आणि संध्याकाळचा टीव्हीचा वेळ मिळत होता. त्या लाटेत २०१६ ला चेन्नईच्या काही मंडळींनी फुटसाल आणलं. पाच-पाच जणांचं, छताखालचं फुटबॉल. चेन्नई, मुंबई, गोवा, कोची, कोलकाता आणि बेंगळुरू असे सहा संघ, प्रत्येकाच्या नावापुढे ‘फाइव्ह्ज’. पोर्तुगालचा जुना फुटबॉलपटू लुईस फिगो लीगचा अध्यक्ष, विराट कोहली ब्रँड अॅम्बॅसडर, ए. आर. रहमानचं गाणं आणि त्यात कोहलीचाही आवाज. सामने सोनीच्या चॅनेलांवर. १० जुलैला युरो कपची फायनल झाली आणि १५ जुलैला हे सुरू. फुटबॉलवेड्या माणसाला रात्री दुसरं काय बघू हा प्रश्न पडायच्या आतच.

नावं बघा. मुंबईकडे रायन गिग्ज, जो मँचेस्टर युनायटेडमधली २९ वर्षं संपवून काही दिवसांपूर्वीच बाहेर पडला होता. बेंगळुरूकडे पॉल स्कोल्स, कोलकात्याकडे हर्नान क्रेस्पो, कोचीकडे मिचेल साल्गादो, गोव्याकडे रोनाल्डिन्हो. आणि चेन्नईकडे फाल्काओ.

या शेवटच्या नावाशी थोडं थांबतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं. जाहिरातीत हा माणूस सगळ्यात कमी ओळखीचा होता. मोनॅकोचा आणि कोलंबियाचा जो स्ट्रायकर फाल्काओ, तोच हा, असं समजणारेही भेटले. प्रत्यक्षात त्या सहा जणांत फुटसालचा खरा राजा तोच एकटा. ब्राझीलचा फाल्काओ २००८ आणि २०१२ चा वर्ल्ड कप जिंकलेला, फुटसाल वर्ल्ड कपमध्ये ४८ गोल, म्हणजे विक्रमच. आपली लीग संपून दोन महिने झाले आणि कोलंबियातल्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझील इराणकडून पेनल्टीवर हरलं. ३९ वर्षांच्या फाल्काओचा तो शेवटचा वर्ल्ड कप सामना. जिंकलेल्या इराणच्या खेळाडूंनी आपला जल्लोष बाजूला ठेवला आणि हरलेल्या फाल्काओला उचलून हवेत उडवलं. तो व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा. एवढ्या मोलाचा माणूस आपल्याकडे येऊन खेळून गेला आणि आपण त्याला पोस्टरच्या कोपऱ्यात ठेवलं.

लीगने जुनी फुटबॉलची नावं विकली. धंद्याच्या हिशेबाने ते मला समजतं. गिग्जच्या नावावर टीव्ही लागतो, एखाद्या स्पॅनिश फुटसाल गोलकीपरच्या नावावर लागत नाही. पण नाव पाहून टीव्ही लावलेल्या माणसाला पुढे खेळ समजावून सांगायला हवा होता, आणि तिथे सगळे कमी पडले. कॉमेंट्रीत युनायटेड आणि बार्सिलोनाच्या आठवणी चालायच्या. कोर्टवर नेमकं काय चाललंय, हे कोण सांगणार?

आणि कोर्टवर तर मजा होती! फुटसालचं कोर्ट साधारण ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. भिंती नसतात, रेषा असतात. चेंडू चार नंबरचा आणि कमी उसळणारा. ऑफसाइड नाही. खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करा. चेंडू रेषेबाहेर गेला की पायानेच आत घ्यायचा, तोही चार सेकंदांत, नाहीतर समोरच्याला. एका हाफमध्ये संघाचे पाच फाउल झाले की सहाव्या फाउलपासून समोर भिंत न लावता दहा मीटरवरून थेट गोलवर फटका. या एका नियमामुळे हाफच्या शेवटी बचाव करणाऱ्यांची जी तारांबळ उडते, ती मोठ्या मैदानावर बघायलाच मिळत नाही. मागे पडलेला संघ गोलकीपरलाही पुढे काढतो, मग पाच जण चारांवर चाल करतात आणि मागचा गोल रिकामा. टीव्हीसाठी याहून चांगला खेळ कुठला?

इंग्लंडात हे फार आधी कळलं होतं. तिथे साठच्या दशकाच्या अखेरीपासून वेम्बलीच्या इनडोअर हॉलमध्ये एका वर्तमानपत्राच्या नावाने फाइव्ह-अ-साइड स्पर्धा व्हायची आणि बीबीसी ती दाखवायची. त्यात उतरायचे ते खरोखरचे क्लब, ज्यांना लोक शनिवारी मैदानावर बघायचे तेच. संघाशी नातं आधीच होतं, टीव्हीने ते फक्त घरात आणलं. आपल्याकडे सहा संघ दहा दिवसांसाठी जन्माला आले. मी कोचीविरुद्ध ओरडायचं ते कशासाठी?

तरीही म्हापशाला गेलो. सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी करत, धो धो पावसात, शाळेतल्या काही पोरांना घेऊन. पेडेचं इनडोअर स्टेडियम. बाहेर जुलैचा गोवा, म्हणजे कुठल्याही मैदानावर घोट्यापर्यंत चिखल, आणि आत कोरडं ठणठणीत कोर्ट, दिव्यांचा लखलखाट. बुटांचा तो करकर आवाज टीव्हीवर येतो त्याच्या दसपट. आमच्या एका पोराने थोडा वेळ बघून विचारलं, “सर, हे सगळे बॉल पायाखाली कित्याक धरतत?” त्याला जे दिसलं ते कॉमेंट्रीवाल्यांनी दहा दिवसांत सांगितलं नव्हतं. फुटसालमध्ये चेंडू तळव्याने थांबवतात, तळव्यानेच ओढतात, तळव्यानेच वळवतात. जागा इतकी कमी की पायाच्या आतल्या बाजूने थांबवून चेंडू हातभर पुढे गेला तरी समोरच्याने तो नेलाच म्हणून समजा. रोनाल्डिन्होच्या पायात जी जादू दिसायची ती याच छताखालच्या खेळातून आलेली. ब्राझीलची पोरं आधी फुटसाल खेळतात आणि मग मोठ्या मैदानावर जातात. परतीच्या वाटेवर पोरं गाडीत बसल्या बसल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवत होती.

आता रोनाल्डिन्होचं. चेन्नईच्या टप्प्यात त्याने बेंगळुरूविरुद्ध एका सामन्यात पाच गोल केले, गोवा ७-२ ने जिंकलं. देशभर चर्चा झाली. आणि लगेच बातमी आली की तो निघाला. रिओच्या पॅरालिम्पिकचा दूत म्हणून त्याला जायचं होतं. त्याच्या जागी काफू आला, ब्राझीलचा २००२ चा विश्वविजेता कर्णधार, माणूस थोरच. पण लीगचा मुक्काम चेन्नईहून गोव्याला हलला तेव्हा गोव्याचा रोनाल्डिन्हो देशातच नव्हता. पेडेला त्याच्या नावाची पिवळी जर्सी घालून आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांची समजूत त्यांच्या आई-बाबांनी कशी काढली असेल? दूत म्हणून जाणं ठीकच आहे, पण अशी तारीख आधीपासून ठरलेली असते. तिकीट विकताना ती सांगायला नको का?

२४ जुलैला फायनल झाली. मुंबईने कोचीला पेनल्टीवर हरवलं. सामना चुरशीचा झाला, त्याबद्दल तक्रार नाही.

मोठी तक्रार पुढे आहे. आपल्या फुटबॉल महासंघाने सुरुवातीलाच जाहीर केलं होतं की या लीगला आमची मान्यता नाही. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या चौकटीत फुटसाल हे त्या त्या देशाच्या फुटबॉल महासंघाकडे येतं. पण फुटसालचा इतिहास त्याहून जुना आहे. १९३० मध्ये उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओला हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने वायएमसीएच्या हॉलमध्ये हा खेळ बसवला. फिफाने आपला पहिला फुटसाल वर्ल्ड कप भरवला तो थेट १९८९ मध्ये. त्याआधीपासून फुटसालची स्वतंत्र जागतिक संघटना होती, तिची वारसदार संघटना आजही आहे आणि ती स्वतःचा वेगळा वर्ल्ड कप घेते. प्रीमियर फुटसाल या दुसऱ्या घराण्याचा हात धरून उभी राहिली.

परिणाम सरळ होता. आपल्याकडचे नोंदणी असलेले चांगले फुटबॉलपटू त्यात उतरणं अवघड झालं. जे भारतीय पोरगे चाचण्यांमधून निवडले गेले, ते फाल्काओ आणि गिग्जच्या बाजूला उभे राहून खेळले. आयुष्यभर पुरेल अशी शिदोरी! पण तिथून पुढे जायला रस्ता कुठे होता? महासंघाची फुटसाल स्पर्धा तेव्हा नव्हती. राष्ट्रीय संघ नव्हता. राज्य पातळीवर फारसं काही नव्हतं. लीगमध्ये चमकलास तर पुढे कुठे, याला उत्तर नव्हतं.

महासंघाचं म्हणणं कायद्याने बरोबर असेल. पण मान्यता देत नाही म्हणताना त्यांनी स्वतः काय केलं होतं? दुसरीकडे, लीगवाल्यांनीही कोट्यवधींची नावं आणण्याआधी महासंघाशी टेबलावर बसायला हवं होतं. दोघांना आपापला झेंडा महत्त्वाचा वाटला. माझ्या हिशेबात चूक दोघांची आहे, आणि महासंघाची जास्त, कारण खेळ वाढवणं हे लीगचं नाही, महासंघाचं काम.

२०१७ चा हंगाम तर मला परका वाटला. संघांची नावं बदलली, मुंबई फाइव्ह्जची मुंबई वॉरियर्स झाली, दिल्ली ड्रॅगन्स आले, रोनाल्डिन्हो आता त्यांचा. सामने मुंबई, बेंगळुरू आणि शेवट दुबईला. गोवा नकाशावरूनच गेलं. पहिल्या वर्षी जे थोडेफार लोक ‘आपला संघ’ म्हणायला शिकले होते त्यांनी पुन्हा नव्याने शिकायचं? तिसरा हंगाम झालाच नाही.

महासंघाने आपली फुटसाल क्लब स्पर्धा सुरू केली २०२१ मध्ये. दिल्लीत झाली, दिल्ली एफसीने जिंकली. राष्ट्रीय संघ पहिल्यांदा अधिकृत सामन्यांत उतरला २०२३ मध्ये. त्याचं स्वागतच आहे, मी ते सामने ऑनलाइन शोधून शोधून बघतो. पण २०१६ मध्ये लोकांची नजर या खेळावर होती, टीव्ही होता, पैसा होता, फाल्काओ होता. तेव्हा या दोन गोष्टी असत्या तर आज कुठे असतो? त्याच २०१६ च्या वर्ल्ड कपला व्हिएतनाम पहिल्यांदा गेलं आणि थेट बाद फेरी गाठली. व्हिएतनाम काही फुटबॉलमधली महासत्ता नाही.

कोकण आणि गोव्यासाठी हा खेळ किती सोयीचा आहे, हे मी शिक्षक म्हणून रोज बघतो. शाळा जूनमध्ये उघडते आणि त्याच आठवड्यात मैदान बंद होतं. ऑक्टोबरपर्यंत पोरं फुटबॉलला पाय लावत नाहीत, आणि स्पर्धा नेमक्या त्याच महिन्यांत तोंडावर येतात. मुंबईत टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताची छोटी मैदानं आली, गच्चीवर, पुलाखाली, तासाच्या भाड्यावर. चांगलंच आहे. पण टर्फ म्हणजे फुटसाल नाही. जाळीच्या पिंजऱ्यात चेंडू बाहेर जातच नाही, आणि तासाचे पैसे भरून खेळायला आलेला गट पासिंगचा सराव कशाला करत बसेल?

दुसरीकडे कितीतरी तालुक्यांत क्रीडा संकुलाचे हॉल आहेत. बॅडमिंटनची दोन-तीन कोर्टं आखलेली, संध्याकाळी मोठी माणसं खेळतात, दुपारी कुलूप. त्याच फरशीवर वेगळ्या रंगाच्या फुटसालच्या रेषा मारता येतात. हॉल ४० मीटरचा नसेल तर लहान मुलांसाठी लहान कोर्ट आखा. तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच असे दोन सुटे गोल गावातला वेल्डर बनवून देतो. चार नंबरचे फुटसालचे चेंडू दुकानात मिळतात. दुपारी कुलूप असतं त्या वेळात आठवड्यातून तीन दिवस शाळांना हॉल द्यायचा, एवढं कागदावर आलं की काम झालं. आमच्याकडे त्यासाठी अर्ज केलाय, पाठपुरावा चालू आहे.

पेडेला तेव्हा कोण कोण होतं? फोटो, तिकिटं, सामन्यांचे व्हिडिओ काही असेल तर पाठवा. विशेषतः फाल्काओचं काही असेल तर. पोरांना दाखवायचं आहे.