नवाहो प्रदेश 'रिकामा' कसा?

'अमेरिकेतला नवाहो प्रदेश उपग्रहचित्रात बघा, मैलोन्‌मैल रिकामा. वस्ती नाही, पत्ते नाहीत, आणि त्या लोकांना आपल्या मुलखाच्या हद्दी कधी ठाऊकच नव्हत्या.' असा मजकूर सध्या फिरतोय. नवाहो ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात, आणि हा तिचा राखीव प्रदेश. तिथली मॉन्युमेंट व्हॅली बघून आलेली आपली मंडळीही तो पुढे पाठवतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

'वस्ती नाही.' अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला हा प्रदेश सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा, आपल्या कोकण विभागाच्या दुपटीहून मोठा. तिथे दीड लाखाहून जास्त माणसं राहतात. वस्ती विरळ आहे, हे खरं. पण एवढ्या कोरड्या पठारावर घराला घर लागून बांधलं तर मेंढ्यांना चारा पुरणार कसा? म्हणून आई, लेकी, जावई यांची दोन-चार घरं एकत्र, आणि पुढची घरं पार लांब. पूर्वेला दार असलेलं लाकूड-मातीचं होगन, म्हणजे त्यांचं पारंपरिक घर, तर वरून भोवतालच्या मातीत सहज मिसळून जातं.

'हद्दी ठाऊक नव्हत्या.' पूर्वेला ब्लँका, दक्षिणेला माउंट टेलर, पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को पीक्स, उत्तरेला हेस्पेरस, या चार पवित्र पर्वतांमधला तो आपला मुलूख, हे नवाहो परंपरेने सांगत आले आहेत. अमेरिकी सरकारबरोबरच्या १८६८ च्या तहाने मात्र अक्षांश-रेखांशांच्या आधारे एक छोटा चौकोन आखून त्यांच्या हातावर ठेवला. पुढे हद्द बरीच वाढली, तरी हे चारही पर्वत आजही राखीव प्रदेशाबाहेरच आहेत.

'पत्ते नाहीत.' या मुद्द्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. असंख्य घरांना रस्त्याचं नाव किंवा घरक्रमांक नाही, हे खरंच. टपाल पोस्टातल्या पेटीत येतं आणि वाट 'अमुक मैलाच्या खांबापासून कच्च्या रस्त्याने पाण्याच्या टाकीपर्यंत' अशी सांगावी लागते. अशी वाट शोधताना रुग्णवाहिकेचा वेळ जातो. पण पत्ता देणं हे यंत्रणेचं काम. ते झालं नाही म्हणून माणसंच नाहीत असं कसं म्हणता येईल? अमेरिकेच्या मतदार नोंदणी अर्जातही अशांसाठी नकाशाची चौकट असते: जवळच्या चौकाची नावं लिहायची, शाळा किंवा दुकान ठिपक्याने दाखवायचं आणि आपल्या घरावर फुली मारायची.

तरीही युटातल्या सॅन वान काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) २०१८ मध्ये काउंटीच्या निवडणुकीतल्या विली ग्रेआइज या नवाहो उमेदवाराचं नाव, ते काउंटीत राहतच नाहीत असं म्हणून, मतपत्रिकेवरून काढलं गेलं. संघीय न्यायालयाने ते परत घालायला लावलं, आणि ते निवडून आले.