बाज मेलेली नाही

उन्हाळ्यात आम्ही वसमतला अजूनही गच्चीवर झोपतो. परवा भाचीनं अंथरुणावर पडल्या पडल्या विचारलं, "मामा, आजी दाखवते ती बाज पण मेलेली आहे का?" बाज म्हणजे सप्तर्षी. चार चांदण्या बाजेचे पाय आणि मागच्या तीन म्हणजे ती पळवणारे चोर, असं आमची आई सांगते.

प्रश्नाचं मूळ तिच्या आईच्या मोबाइलवर आलेल्या मेसेजमध्ये होतं. मलाही तो चार जणांनी पाठवलाय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: रात्री दिसणारे तारे केव्हाच विझलेत. आपण त्यांचा भूतकाळ पाहतो, म्हणून दिसतं ते सगळं माया. एवढ्या विश्वात माणूस धुळीचा कण, त्याच्या सुखदुःखाला अर्थ नाही. हे संतांनी आधीच सांगितलंय, तर आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याच्या दुर्बिणीवर २,६०० कोटी कशाला? पाठवणाऱ्यांना आकाशाची मनापासून ओढ आहे, म्हणूनच नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

"तारे विझलेत" हे सगळ्यात जास्त पसरलेलं आणि सगळ्यात चुकीचं. नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे आपल्या शेजारचे आहेत. बरेचसे काही शे प्रकाशवर्षांच्या आत (प्रकाश वर्षभरात कापतो तेवढं अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष), लांबातले लांब काही हजारांवर. आणि ताऱ्यांचं आयुष्य? सूर्याचं सुमारे १,००० कोटी वर्षं, त्यातली ४६० कोटी सरलीत. अभिजित तारा २५ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचं आयुष्य धरा १०० कोटी वर्षं. हे सगळं ऐंशी वर्षं जगणाऱ्या माणसाच्या मापात बसवलं, तर अभिजितच्या प्रकाशाला झालेला उशीर भरतो जेमतेम एक मिनिट. मिनिटापूर्वी ओसरीवर बोलत बसलेलं माणूस आता नसेलच, असं कुणी धरून चालतं का?

शंका घ्यायचीच तर मृगातल्या तांबूस काक्षी ताऱ्याची (बीटलज्यूस) घ्यावी. तो खरंच म्हातारा आहे. २०१९च्या शेवटी एकदम मंदावला, तेव्हा आता फुटतो की काय असं अनेकांना वाटलं होतं; पण त्यानंच बाहेर टाकलेली धूळ आड आली होती. तो फुटायला अजून लाखभर वर्षंही लागू शकतात आणि त्याचा प्रकाश पाच-सातशे वर्षांचाच जुना आहे. म्हणजे तोही आज असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त.

आता भूतकाळाचं. हे खरं आहे, पण त्यावरून माया कशी सिद्ध होते? चंद्र आपल्याला सव्वा सेकंद जुना दिसतो, सूर्य ८ मिनिटं २० सेकंद. मेच्या मध्यात रात्री अकराच्या सुमारास स्वाती वसमतच्या जवळपास नेमकी डोक्यावर येते. तिचा आज पोचलेला प्रकाश सुमारे ३७ वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा किल्लारीचा भूकंप व्हायचा होता. बाजेच्या सातांतल्या पाच चांदण्या साधारण ८० प्रकाशवर्षांवर आहेत. त्यांचा प्रकाश निघाला तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य होतं. उशिरा पोचलेलं पत्र खोटं नसतं, त्यावर तारीख जुनी असते एवढंच. उलट या उशिरामुळेच विश्वाचा इतिहास डोळ्यांसमोर आहे. सर्वांत जुना प्रकाश सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो आजही सगळ्या दिशांनी येतोय. त्यातही सापेक्षतावाद सांगतो की "आत्ता, याच क्षणी तिथं काय चाललंय" याला सगळ्यांसाठी सारखं असं एकच उत्तर नसतं. मला हे मायेपेक्षा मोठं नवल वाटतं.

धुळीच्या कणाबद्दल एवढंच म्हणेन: आकारावरून अर्थ ठरत असता, तर हत्तीचं दुःख माणसाच्या दुःखापेक्षा मोठं मानावं लागलं असतं. आणि संतांची साक्ष काढायचीच, तर औंढ्याचीच काढू. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, देव नसेल तिथं माझे पाय ठेव. अशी जागा सापडली नाही. जग रिकामं आहे असं ही कथा कुठं सांगते? ती तर एकही जागा रिकामी सोडत नाही.

राहिले २,६०० कोटी. केंद्रीय मंत्रिमंडळानं ते २०२३च्या एप्रिलमध्ये मंजूर केले, पण दुर्बिणीसाठी नाही. ते आहेत लायगो-इंडिया या औंढ्याच्या यंत्रासाठी. त्याच्या काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेसर धावेल, आणि गुरुत्वलहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणारा तरंग, गेली की भुजांच्या लांबीत पडणारा फरक तो टिपेल. हा फरक प्रोटॉनच्या शेकडो पटींनी लहान असतो. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांची धडक टिपली. त्या दोघांबाबत मात्र मेसेज बरोबर आहे: ती दोन उरली नाहीत, त्यांचं एक झालं. ती होती हे आपल्याला कळलं ते त्या लहरीमुळे. लहर कोणत्या दिशेनं आली हे नेमकं सांगायला दूरदूरची यंत्रं लागतात, म्हणून हिंगोली जिल्ह्यातलं हवं.

हे सगळं भाचीला त्या रात्री सांगून झालं नाही. बाज जिवंत आहे, एवढं सांगितलं आणि तीन चोरांतल्या मधल्याकडं बोट केलं. तो वसिष्ठ, त्याला चिकटून एक बारीक चांदणी आहे, दिसते का बघ. चष्मा पुसून ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "आहे. दोन आहेत तिथं." आणि उठून आजीला दाखवायला गेली.