‘बारा फुटी रस्ता सात दिवसांत’: या मेसेजच्या भरवशावर जेसीबी बोलावू नका

मामांनी हा मेसेज काल पाठवला, खाली एकच ओळ: ‘उद्या मशीन सांगू का?’ तो आणखी किती जणांच्या मामांकडे गेला असेल कोण जाणे. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: ‘नवीन कायद्यानुसार प्रत्येक शेताला 12 फूट रस्ता मिळणारच. तलाठ्याकडे साधा अर्ज द्या, 7 दिवसांत रस्ता. मोबदला द्यावा लागत नाही. तहसीलदाराचा निकाल अंतिम, कोर्टात जाता येत नाही. 12 वर्षांची वहिवाट असेल तर रस्ता तुमच्या मालकीचा. कोणी अडवत असेल तर स्वतः मशीन लावून मोकळा करा, कायदा तुमच्या बाजूने आहे. सातबाऱ्यावर नोंद करून घ्या.’ पुढे ट्रॅक्टरची चित्रं आणि हात जोडलेले.

आधी तो ‘नवीन कायदा’. महाराष्ट्रात शेतरस्त्याचा वाद ज्या दोन तरतुदींवर चालतो, त्यातली एक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चं कलम 143 आणि दुसरी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5 (मामलेदार हे तहसीलदाराचंच जुनं नाव). एक साठीला आलेली, दुसरीनं शंभरी कधीच ओलांडली. दोन्ही अर्ज जातात एकाच तहसीलदाराच्या टेबलावर, म्हणून लोकांना वाटतं काम एकच आहे. तसं नाही, आणि मेसेजमधला निम्मा घोळ इथूनच सुरू होतो.

कलम 143 आहे ज्याच्या शेताला रस्ताच नाही त्याच्यासाठी. मामलेदार कायद्याचं कलम 5 आहे ज्याचा रस्ता होता, वापरात होता आणि कोणीतरी चर खणून, काटेरी कुंपण घालून किंवा नांगरून बंद केला त्याच्यासाठी. पहिल्यात रस्ता नव्यानं मागायचा, दुसऱ्यात असलेल्या रस्त्यावरचा अडथळा काढून मागायचा. एकाच अर्जात ‘आमची पूर्वापार वहिवाट अडवली आहे, तरी आम्हाला नवीन रस्ता द्यावा’ असं लिहिलं की समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारतो: रस्ता होता की नव्हता? ‘होता’ म्हणाल तर 143 कशाला? ‘नव्हता’ म्हणाल तर अडवलं काय?

आता मशीनचा मुद्दा. बाकी सगळं एक वेळ चुकलं तरी दुरुस्त होतं, हे होत नाही.

समजा रस्ता खरोखर जुना आहे आणि शेजाऱ्यानं यंदा तो नांगरून पिकात घेतला. तुमची बाजू भक्कम आहे. मामलेदार कायद्याखाली दावा केलात तर तहसीलदार जागेवर येतात, पंचनामा होतो. तिथं काय बघतात? ओढ्याच्या काठावर गाडीच्या चाकांनी झिजलेला उतार. बांधाच्या तोंडाशी दोन बाभळींच्या मध्ये सोडलेली गाडीएवढी जागा. नांगरलेल्या पट्ट्याच्या पुढेमागे शिल्लक असलेली चाकोरी, जिथं माती दाबून घट्ट झालेली असते आणि पीक खुरटं येतं. आजूबाजूचे खातेदार ‘आम्हीही याच वाटेनं जायचो’ म्हणून सांगतात. हा सगळा पुरावा जमिनीवर पडलेला असतो. जेसीबीचं बकेट एकदा फिरलं की उतार गेला, बाभळी गेल्या, चाकोरी गेली. उरतो बारा फुटांचा ताजा, लालभडक पट्टा, आणि शेजारी पंचांना दाखवतो, ‘बघा साहेब, हा रस्ता परवा रात्री केलाय.’ तो खोटं बोलत नसतो हीच अडचण.

पुढचं ओळीनं होतं. दुसऱ्याच्या गटात, म्हणजे त्याच्या नंबरच्या जमिनीत, शिरून पीक मोडलं, बांध फोडला, ठिबकची मेन लाइन किंवा बांधालगत गाडलेला पीव्हीसी पाइप तोडला की भारतीय न्याय संहितेचं कलम 329 (अतिक्रमण) आणि 324 (नुकसान) याखाली तक्रार तुमच्यावर. बांधावरचा आंबा, चिंच किंवा साग पाडला तर परवानगीविना वृक्षतोडीचं प्रकरण वेगळं. हद्दीचा दगड उखडला तर तेही वेगळं. आणि शेजारी त्याच आठवड्यात दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणतो. आतापर्यंत रस्ता अडवणारा तो होता, आता आरोपी तुम्ही. उताराला आडवा असलेला बांध फोडला असेल तर पहिल्या मोठ्या पावसात तिथून घळ पडते आणि खालच्या शेतकऱ्याची मातीही जाते. म्हणजे एकाऐवजी दोन शेजारी विरोधात.

बरं, हे करायची गरजही नसते. मामलेदार कायद्यात अडथळा काढायचा आदेश झाला की अंमलबजावणी तहसीलदार गावच्या महसूल यंत्रणेमार्फत करून घेतात, गरज पडली तर पोलीस बंदोबस्तात. ‘पुन्हा अडवू नका’ असा तहसीलदाराचा मनाई हुकूम मोडणाऱ्यावर लोकसेवकाचा आदेश मोडल्याचा गुन्हा लागतो, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं (भादंवि) कलम 188, आताचं न्याय संहितेचं 223. मशीन तेव्हाही येतं, पण आदेश हातात घेऊन.

मेसेज जे सांगतच नाही ते यापेक्षा महत्त्वाचं: मामलेदार कायद्याचा दावा अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. पेरणीला वाट नांगरली, ‘सुगी झाल्यावर बघू’ म्हणून थांबलात, मग गावकीची बैठक, मग दिवाळी, की गेले सहा महिने. अडथळा कोणत्या तारखेला झाला हे दाव्यात लिहावं लागतं आणि गोंधळलेली तारीख हेच दावा फेटाळायचं सगळ्यात सोपं कारण ठरतं. अडवल्याच्या दिवशी तारीख दिसेल असे फोटो काढा, तलाठ्याकडे किंवा पोलीस पाटलाकडे लेखी कळवा आणि पोच घ्या. चार ओळींचा कागद पुरतो.

आता ‘12 फूट मिळणारच’. इथं मेसेजला थोडं देणं भाग आहे. 22 मे 2025 च्या महसूल विभागाच्या शासन निर्णयात शेतरस्ता 3 ते 4 मीटर रुंदीचा असावा असं आहे, आणि 12 फूट म्हणजे 3.66 मीटर. आकडा हवेतून आलेला नाही. ‘मिळणारच’ हा शब्द मात्र हवेतून आलाय. कलम 143 नीट वाचा, छोटंसं आहे. तहसीलदार ‘इतर भूमापन क्रमांकांच्या (म्हणजे सर्व्हे नंबरांच्या) हद्दींवरून’ जाण्याच्या हक्काचा दावा ठरवतील, आणि ठरवताना शेतकऱ्याला शेतात पोचण्यासाठी ‘वाजवी’ प्रवेशाची किती गरज आहे ते बघतील. हद्दीवरून. मधून नाही. अर्जासोबतच्या कच्च्या नकाशात शेजाऱ्याच्या गटाच्या पोटातून तिरकी रेघ मारून ‘हा जवळचा मार्ग’ लिहिणारे अर्ज इथंच पडतात. रस्ता सरबांधावरून, म्हणजे दोन गटांमधल्या सामाईक बांधावरून, मागायचा, निम्मा या बाजूच्या गटातून, निम्मा त्या बाजूच्या. महसुलात पूर्वापार रीत 4 अधिक 4 अशा 8 फुटांची, गाडीमार्ग असेल तर 12 पर्यंत.

हिशेब करून बघा. 600 फूट लांबीच्या बांधावर 12 फूट रस्ता म्हणजे 7200 चौरस फूट, म्हणजे सुमारे 6.6 गुंठे. हे सगळं एकाच्याच रानातून घेतलं आणि त्याचं रान दोन एकर असेल, तर बारावा हिस्सा गेला. तो माणूस हायकोर्टापर्यंत भांडेल. दोन्ही बाजूंनी सहा-सहा फूट घेतलं तर प्रत्येकी 3.3 गुंठे, आणि 8 फुटांवर समेट झाला तर प्रत्येकी सव्वादोन गुंठ्यांच्या आत. सरळ बांधावर ट्रॅक्टर-ट्रॉलीला 8 फूट पुरतात. अडतं ते वळणावर, कारण ट्रॉलीचं मागचं चाक कोपरा कापून आत जातं. म्हणून सबंध लांबीला 12 साठी अडून बसण्यापेक्षा कोपऱ्यावर जास्तीची जागा मागा आणि ती नकाशात मापासह दाखवा.

त्याआधी एक काम करा, भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा काढा. त्यावर दोन भरीव रेषा असतील तर तो एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा ग्रामीण रस्ता. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. (हा सव्वाआठचा आकडा विचित्र वाटतो, पण जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची आणि 16 आण्यांची, त्यातले 4 आणे म्हणजे सव्वाआठ. गुंठा 33 गुणिले 33 चा, तोही याच साखळीतून आलेला.) तुमची वाट नकाशावर असेल तर कलम 143 कडे जाऊच नका. शेजाऱ्याकडे रस्ता मागायचा नाही, अतिक्रमण काढून मागायचं, आणि तिथं रुंदी नकाशाप्रमाणे, कुणाच्या दयेवर नाही. ‘12 फूट’ म्हणून अर्ज करून साडेसोळाचा हक्क स्वतःच कमी करून घेणारेही असतात.

तलाठी आणि सात दिवस, यावर फार लिहिण्यासारखं नाही. तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, रस्ता द्यायचा अधिकार नाही, अर्ज तहसीलदाराकडे. सोबत तुमचा आणि ज्यांच्या हद्दीवरून रस्ता हवा त्या सगळ्यांचा ताजा सातबारा, कच्चा नकाशा, मोजणी झाली असेल तर तिची प्रत, कोर्टात काही चालू असेल तर त्याचे कागद. मग नोटिसा, म्हणणं, स्थळ पाहणी, आदेश. शासन निर्णयातली मुदत 90 दिवसांची आहे, सातची नाही. आणि उशीर बहुतेक वेळा एकाच कारणानं होतो: शेजारच्या सातबाऱ्यावर सहा नावं असतात, अर्जात दोनच घातलेली असतात. एखादा खातेदार वारलेला असतो आणि वारस लावलेले नसतात. आदेश तुमच्या बाजूनं झाला तरी ज्याला नोटीसच गेली नाही तो अपिलात उभा राहतो आणि प्रकरण परत पहिल्या पायरीवर येतं.

मोबदला: कलम 143 मध्ये त्याचा उल्लेख नाही, एवढं खरं. पण बांधावरची विहीर, पाइप किंवा झाड वाचवून रस्ता आखला तर शेजाऱ्याची हरकत निम्म्यानं कमी होते, आणि तडजोडीत चार पैसे दिल्यानं कोर्टाची चार वर्षं वाचत असतील तर कायदा आडवा येत नाही.

‘निकाल अंतिम, कोर्टात जाता येत नाही’ हे उघड खोटं आहे. त्याच कलमाच्या पोटकलम 4 मध्ये लिहिलंय की निर्णय मान्य नसलेल्याला निर्णयाच्या तारखेपासून एक वर्षात दिवाणी दावा लावता येतो. पोटकलम 5 सांगतं की असा दावा लागला की त्या निर्णयावर अपील किंवा फेरतपासणी चालत नाही. दावा लावलेला नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करतात. मामलेदार कायद्यात अपील नाही, फेरतपासणी आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं पोटकलम 3 मधला ‘अंतिम’ हा शब्द वाचला असावा आणि त्याच वाक्यातलं ‘पोटकलम 4 व 5 च्या अधीन राहून’ सोडून दिलं असावं.

12 वर्षांची वहिवाट हा दोन कायद्यांचा काला आहे. बारा वर्षं हा आकडा प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे जमीनच दुसऱ्याच्या ताब्यात गेल्याचा. ये-जा करण्याचा हक्क वापरानं मिळतो तो सुविधाधिकार कायदा, 1882 च्या कलम 15 खाली, आणि तिथं मुदत 20 वर्षं आहे, जमीन सरकारची असेल तर 30. तोही हक्क जाण्यायेण्याचा, मालकीचा नाही. परवानगी मागून जात असाल तर वर्षं मोजलीच जात नाहीत. आतला तुकडा विकत घेतला आणि खरेदीखतात रस्त्याचा शब्द नसेल, तर बाकीच्या शेजाऱ्यांकडे जाण्याआधी विकणाऱ्याच्या उरलेल्या जमिनीकडे बघा. तिथून जाण्याचा गरजेपोटीचा हक्क त्याच कायद्याच्या कलम 13 मध्ये आहे. भावाभावांच्या वाटणीतही हेच: वाटणीच्या नकाशावरच रस्ता आखून घ्यायचा असतो.

राहता राहिली ‘सातबाऱ्यावर नोंद’, आणि ही एकच सूचना अख्ख्या मेसेजमध्ये पूर्ण बरोबर आहे. आदेशाची प्रमाणित प्रत घ्या, अपिलाची मुदत गेली की तलाठ्याकडे फेरफारासाठी, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाच्या नोंदीसाठी, द्या, आणि ज्यांच्या गटांच्या हद्दीवरून रस्ता गेला त्या प्रत्येक सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात गट नंबर, दिशा, लांबी आणि रुंदीसह नोंद झाली का ते स्वतः वाचून बघा. ‘रस्ता वहिवाटीस आहे’ एवढंच लिहिलेलं असेल तर परत पाठवा. शेजारी उद्या जमीन विकेल आणि नवा मालक तुमच्याकडून आदेश नाही, सातबारा मागेल.