धान्य-दूध बंद असलं तरी टोस्ट होतो, तोही इथल्याच जिनसांचा

गेला आठवडाभर आमच्या वेंगुर्ल्यातल्या ग्रुप्सवर एकच मेसेज फिरतोय. धान्य आणि दूध बंद असलेल्यांनी टोस्ट विसरावा, बदामाच्या पिठाशिवाय तो होतच नाही, नारळाचं दूध हेही दूधच म्हणून चालणार नाही, त्यापेक्षा नाचणीचं घावन नाहीतर उपासाच्या पिठाची भाकरी साजूक तूप लावून खा. माझ्या बहिणीचं धान्य आणि दूध डॉक्टरांनी बंद केलंय आणि तिचा नाश्ता मीच करते, म्हणून हे वाचून गप्प बसवेना.

आधी नाचणी. तिच्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नसतं हे खरं, पण ती धान्यच आहे, तांदूळ-ज्वारीसारखंच. गहू बंद वेगळं आणि धान्य बंद वेगळं. उपासाच्या पिठात राजगिरा, साबुदाण्यासोबत बऱ्याचदा वरी असते आणि वरी हेही धान्यच, उपासाला चालते म्हणून ते बदलत नाही, तेव्हा पाकीट उलटून वाचा.

साजूक तूप दुधाचंच, ते बंद. आणि नारळाचं दूध म्हणजे खोबरं वाटून पिळलेला रस, सोलकढीला काढतो तोच, त्यात गाई-म्हशीचं काय आलं? अंडंसुद्धा डेअरी नाही, डेअरीच्या दुकानात मिळतं एवढंच.

आता बदाम. ज्या गावाच्या नावाने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा काजूच्या जाती निघाल्या तिथे लोकांना बदाम आणायला सांगतायत, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. टोस्टचा पाव काजूचाही होतो. अख्खा काजू लागत नाही, तुकडा घ्या, तो स्वस्त पडतो. २५० ग्रॅम तुकडा, ४ अंडी, पाव वाटी नारळाचा जाड रस आणि मीठ मिक्सरला अगदी गुळगुळीत वाटायचं, कणी राहिली तर पाव बसतो. सगळ्यात शेवटी अर्धा चमचा खायचा सोडा आणि चमचाभर लिंबाचा रस घालून लगेच तेल लावलेल्या डब्यात ओता, थांबलात तर फुगणं तिथेच संपतं. बेकिंग पावडर नको, तिच्यात बहुतेक वेळा कॉर्नफ्लोअर असतं, म्हणजे मका. जाड कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून १० मिनिटं तापवायची, मग डबा आत, झाकण घालून मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं, सुरी कोरडी निघाली की झालं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, चुरा होतो. मग काप करून बिडाच्या तव्यावर खोबरेल तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा, बहीण दोन काप खाऊन कामाला जाते. काजूऐवजी सुक्या खोबऱ्याचं पीठ तेवढंच घालायला जाऊ नका, ते पाणी फार ओढतं.

अंडं नको असेल तर नीरफणस, म्हणजे ब्रेडफ्रूट. अर्ध्या सेंटीमीटरची कापं, मीठ-हळद-तिखट लावून खोबरेल तेलावर झाकण घालून शिजवायची आणि मग झाकण काढून कुरकुरीत करायची. फक्त नेहमीसारखी तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवू नका. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी करा, पण फोडणीत डबीतला हिंग घालायच्या आधी डबी वाचा, त्यात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो.