मेलेल्याला सूट, मुलाकातीला परवाना

अहो, एक वीस सीटर गाडी! स्टेशनपासून तुरुंगाच्या गेटपर्यंत मुलाकातीला येणाऱ्यांना न्यायचं आणि परत आणून सोडायचं, एवढंच. त्यासाठी लागणाऱ्या परवान्याची आमच्या संस्थेची फाईल आरटीओत कुठल्या टेबलावर कुजतेय, हे खुद्द साहेबांनाही सांगता येत नाही.

कंत्राटी परवाना मागितला, तर म्हणे माणशी वेगळं भाडं घेता येणार नाही, गाडी एकानेच ठरवायला हवी. बरं, माणशी तिकीट घेता येणारा टप्पा परवाना द्या. तर म्हणे या मार्गाला मागणी आहे हे दाखवा! मागणी? सकाळी फाट्यावर येऊन बघा ना. जालन्याहून रात्रभर प्रवास करून आलेली म्हातारी पिशवीत धुतलेले कपडे घेऊन उभी असते. रिक्षावाला मागेल ते द्यायचं, नाहीतर उन्हात चालत सुटायचं. गेटवर नाव नोंदवायची वेळ टळली, की आल्या पावली परत. लेकाचं तोंडही दिसत नाही.

आणि मजा बघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ६६ सांगतं, की फक्त प्रेत आणि सोबतचे शोक करणारे नेणाऱ्या गाडीला परवाना लागत नाही. म्हणजे पोरगा आत जिवंत आहे, हीच आमची अडचण!

परवा नवीन त्रुटी निघाली. प्रवाशांची यादी आगाऊ जोडा म्हणे. कोणाचा पोरगा कधी आत जाणार, ते आम्ही आधीच लिहून द्यायचं का?