लेकर्सचा तो हंगाम एकट्या वेस्टब्रुकनं बुडवला नाही

‘लेकर्सचा 2021-22 चा हंगाम एकट्या रसेल वेस्टब्रुकनं घालवला.’ अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिस लेकर्स संघाबद्दलचं हे वाक्य इतकं फिरलंय की त्याची शहानिशा करायची गरजही आता कुणाला वाटत नाही. हंगाम वाईट होता, यात वाद नाही. विजेतेपदाचा दावेदार म्हणून उतरलेला संघ 33 विजय आणि 49 पराभवांवर थांबला, पश्चिम विभागात अकरावा आला, बाद फेरीत शिरायची शेवटची संधी देणारं प्ले-इनसुद्धा हुकलं. पण सगळं खापर ज्याच्या डोक्यावर फुटलं, तोच त्या संघात सगळ्यात जास्त सामने खेळला होता. 82 पैकी 78.

पहिला आरोप असा की त्याच्यामुळे तीन बड्या खेळाडूंचं जमलंच नाही. जमायला आधी एकत्र खेळावं लागतं. लेब्रॉन जेम्स 56 सामने खेळला, अँथनी डेव्हिस फक्त 40. डेव्हिसचा डिसेंबरमध्ये गुडघा गेला, फेब्रुवारीत पाऊल. तिघं एकाच वेळी मैदानात असलेले सामने भरले जेमतेम 21, त्यांतले 11 जिंकले. हा आकडा अभिमानाचा नाही, पण 49 पराभवांतले 39 या तिघांपैकी कुणीतरी बाहेर असताना झाले.

दुसरा आरोप त्याच्या नेमबाजीचा. तो खराच आहे: थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारायचे तीन गुणांचे फटके, 30 टक्क्यांच्या आत, सामन्यामागे जवळपास चार टर्नओव्हर, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याला गमावणं. पण ही काय नवी बातमी होती? ओक्लाहोमापासून वॉशिंग्टनपर्यंत, आधीच्या संघांतही तो असाच खेळत आला. त्याला चेंडू हातात लागतो, लेब्रॉनलाही लागतो, आणि लेब्रॉनच्या शेजारी लांबून अचूक मारणारा माणूस हवा, हे बास्केटबॉल नियमित बघणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं. 2021 च्या उन्हाळ्यात तसाच नेमबाज असलेल्या बडी हील्डला सॅक्रामेंटोच्या संघाकडून आणायचं जवळपास ठरल्याच्या बातम्या होत्या. ते सोडून वेस्टब्रुक आणला तो व्यवस्थापनानं. लेब्रॉन आणि डेव्हिसलाही तो हवा होता, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं.

आता बचाव. मला वाटतं हंगाम खरा इथे गेला, आणि यावरच सगळ्यात कमी बोललं जातं. आदल्या वर्षी लेकर्सचा बचाव लीगमध्ये पहिला होता, या वर्षी एकविसावा. एक गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा एकटा खेळाडू, संघाला वीस पायऱ्या खाली ओढू शकत नाही. बचाव सांभाळणारी माणसं आधीच हातची गेली होती. कायल कुझमा आणि केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप वेस्टब्रुकच्या बदल्यात दिले. ॲलेक्स करूसो चार वर्षांच्या 3 कोटी 70 लाख डॉलरच्या करारावर शिकागोला गेला. ‘वेस्टब्रुकच्या 4 कोटी 40 लाख डॉलर पगारामुळे पैसेच उरले नाहीत’ हे इथं लागू होत नाही. आपल्याच खेळाडूला ठेवताना पगाराची कमाल मर्यादा आड येत नव्हती, फक्त लक्झरी टॅक्स, म्हणजे पगारांवरचा खर्च ठरावीक रकमेपुढे गेला की लीगला भरायचा कर, वाढला असता. तो भरायचा नाही, हा मालकांचा निर्णय. त्या जागा भरल्या कार्मेलो अँथनी, ड्वाइट हॉवर्ड, ट्रेव्हर अरिझा, राजॉन रॉन्डो अशा पस्तिशी गाठलेल्या खेळाडूंनी. कार्मेलोनं बास्केट टाकलेही. पण लीगमधला सगळ्यात वयस्क संघ 82 सामने मागे धावून बचाव कसा करणार? तरी हंगाम संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढलं कुणाला, तर प्रशिक्षक फ्रँक व्होगेल यांना.

या सगळ्यात वेस्टब्रुकच्या आडनावाची विटंबना चालली होती. घरच्यांना त्याचा त्रास होतोय, हे त्याला मार्च 2022 मध्ये पत्रकारांसमोर सांगावं लागलं. खेळावर टीका जरूर करा, पण हे निव्वळ क्रौर्य होतं.

शेवटचा मुद्दा पुरावा म्हणून दिला जातो: फेब्रुवारी 2023 मध्ये तो गेला आणि 25 विजय आणि 30 पराभवांवर अडकलेला संघ थेट पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोचला. पोचला हे खरं. पण त्याच व्यवहारात डिअँजेलो रसेल, मलिक बीझली आणि जॅरेड व्हँडरबिल्ट आले, रुई हाचिमुरा त्याआधीच आला होता. म्हणजे नेमबाज, बचावपटू आणि तरुण पाय, जे 2021 मध्ये हातचे घालवले होते, तेच परत आणावे लागले. तिकडे वेस्टब्रुकनं क्लिपर्स या नव्या संघाकडून बाद फेरीत फिनिक्सविरुद्धच्या पाच सामन्यांत सरासरी 23.6 गुण काढले. आणि लेकर्सना त्या अंतिम फेरीत 4-0 हरवून पुढे विजेता झालेल्या डेन्व्हरच्या सामना सुरू करणाऱ्या पाच खेळाडूंत कॉल्डवेल-पोप होता.