इतर खर्च म्हणजे काय, समोसे?

सामाजिक संस्थेचा फोन, "निधीसाठी उद्या पाचपर्यंत प्रस्ताव टाकायचाय, जरा नजर टाका ना!" कशावर टाकू? 12ए, 80जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), दर्पण आयडी (संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा नंबर), सीएसआर-1 नंबर (कंपन्यांचा सामाजिक निधी घ्यायला लागणारा), तीन वर्षांचं ऑडिट, ठराव... यातलं एकही हाताशी नाही आणि सीए फोन उचलत नाही. बजेटमध्ये "इतर खर्च 40,000". इतर म्हणजे काय हो, समोसे? शिबिर 30 मुलींचं, लाभार्थी 500! बाकीच्या 470 काय भिंतीवरून बघणार? प्रवासखर्च शून्य, म्हणजे ताई वस्तीवर उडत जाणार. मानधनाचा रकाना कोराच, समन्वयक हवा खाऊन जगतो ना! आणि देणारे तरी? निधी येणार फेब्रुवारीत, विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्याप्रमाणे खर्चल्याचा दाखला) मात्र 31 मार्चला हवं. वर विचारतात, "प्रकल्पाची शाश्वतता 200 शब्दांत लिहा." लिहितो की! 201वा शब्द पडला की पोर्टल अख्खा मजकूर गिळतं.